साळवेबाईंच्या चोवीस ताटल्या

एप्रिल १९८८ मधला शेवटचा रविवार. जागा, उल्हासनगरच्या कॅम्पातली मोहिनीदादीची गच्ची. ताटल्या चोवीस. हजर चौघे: साळवेबाई, मी, माझी बायको आणि घरमालकीण मोहिनीदादी.

या ताटल्या तीस दिवसांपूर्वी आम्हीच आसपासच्या चोवीस घरांत वाटल्या होत्या. स्टीलच्या, एकाच मापाच्या. प्रत्येकीच्या खाली नंबर, आणि आतून पांढऱ्या मलमाचा पातळ हात, म्हणजे वरून पडणारी धूळ चिकटून राहावी. सांगितले होते एवढेच, की ही गच्चीवर उघडी ठेवा, महिनाभर हात लावू नका, मग आम्ही येऊन घेऊन जाऊ.

चोवीसच्या चोवीस परत आल्या. एकही हरवली नव्हती. एकीलाही पोचा नव्हता. आणि चोवीसही चिंच-राखेने घासून लख्ख केलेल्या होत्या. शिवाय एकही रिकामी नव्हती. नऊ ताटल्यांत उडदाचे पापड, सातांत कुरडया, चारांत सांडगी मिरची, तीनांत बटाट्याचा कीस आणि एकीत नुसती साखर.

साळवेबाई त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दादी, या धुतल्या कोणी?"

"सबने धोई," दादी अभिमानाने म्हणाली. "ऐसी चिकट थाली कोणी वापस देतं का? मीच घरोघर जाऊन सांगितलं, बाईची ताटली आहे, नीट घासून द्या. और खाली नहीं देना, बोला."

बाईंनी पिशवीतून वही काढली, पेनाचे टोपण उघडले आणि त्या दिवसाच्या पानावर लिहिले: "नमुने शून्य. कारण: स्वच्छता." मग वही मिटून त्या हसल्या. बाई हसल्याचे मी फार वेळा पाहिलेले नाही, म्हणून नोंदवतो.

"चूक माझी आहे, कदमभाऊ," परत निघताना त्या मला म्हणाल्या. "आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं न धुता, न भरता परत जात नाही. चाळीस वर्षं हे बघते आहे, आणि पद्धत ठरवताना तेवढंच विसरले."

सुमन साळवे अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होत्या. बदलापूरला हेंद्रेपाड्यात आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्या राहत, आम्ही दुसऱ्या. उंचीने लहान, बारीक काठाची सुती साडी, घट्ट अंबाडा. उजव्या हाताची दोन बोटे कायम पिवळी. ती पिवळी नायट्रिक आम्लाने झाली होती, पण एका लग्नात कोणा बाईने "अय्या, हळद कधी लागली?" असे विचारले, तेव्हा बाईंनी शांतपणे बोटे पुढे करून सांगितले, "ही हळद धुतली तरी जात नाही. कातडीबरोबरच जाते." लग्न त्यांनी केले नव्हते. का नाही, असे कोणी विचारले तर म्हणत, "नोंद नाही."

"साधारण" आणि "जवळजवळ" हे शब्द त्यांना खपत नसत. मी अंबरनाथलाच दुसऱ्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये होतो, माझाही जन्म मोजण्यात गेला; पण त्यांच्यापुढे मी ढिसाळ वाटायचो. एकदा सहज म्हणालो, की आपल्या टाकीत साधारण पाच हजार लिटर पाणी मावत असेल. संध्याकाळी त्यांनी दारावर चिठ्ठी लावली. लांबी, रुंदी, खोली, गुणाकार, उत्तर चार हजार तीनशे वीस. खाली लिहिले होते: "अंदाजाला वजन नसते." ती चिठ्ठी माझ्या बायकोने पुढे वर्षभर मला ऐकवली. भाजी जरा कमी पडली की, "अहो, अंदाजाला वजन नसतं, मोजून आणत जा."

त्यांचे वडील त्याच रंगाच्या कारखान्यात सफाई कामगार होते. प्रयोगशाळेत काचेच्या पेटीतला एक तराजू होता, फार नाजूक. त्या खोलीत झाडताना वडील श्वास रोखून धरायचे, कारण माणसाच्या श्वासाने काटा हलतो असे त्यांना कोणीतरी बजावले होते. पेटी उघडायची त्यांना परवानगी नव्हती. एकवीस वर्षे त्यांनी तो तराजू काचेबाहेरून पुसला. मुलगी बी.एस्सी. होऊन त्याच खोलीत कामाला लागली तेव्हा ते निवृत्तीच्या अगदी जवळ आले होते. पहिल्या पगाराच्या दिवशी बाई त्यांना खोलीत घेऊन गेल्या, पेटीचे दार उघडले आणि म्हणाल्या, "दादा, आता श्वास घ्या. मी काटा परत शून्यावर आणते."

हे बाईंनी मला एकदाच सांगितले, तेही जिन्यात, पिशवी हातात असताना.

जयंतीच्या मिरवणुकीनंतर विहारातल्या सभेला किती लोक आले यावरून एके वर्षी वाद झाला होता. समितीचे एक तरुण कार्यकर्ते फलकावर "हजारोंचा जनसागर" असे लिहीत होते. बाई मागून म्हणाल्या, "चारशे अकरा."

"बाई, असं कसं मोजलं तुम्ही?"

"बाहेरच्या चपला मोजल्या. चारशे अकरा जोड आणि एक एकटी."

"मग हजार लिहिलं तर काय बिघडलं? आपलीच माणसं वाचणार."

"म्हणून तर. चारशे अकरा माणसं भर उन्हात आली, ही काय थोडी गोष्ट आहे? तिला खोट्या हजाराचा टेकू कशाला?"

फलकावर शेवटी चारशे अकरा असे लिहिले गेले. त्या एकट्या चपलेचा मालक मात्र सापडला नाही.

आता ज्या शिशाच्या भट्टीसाठी त्या ताटल्या वाटल्या होत्या, तिच्याकडे येतो.

बदलापूरला यायच्या आधी बाई तीन वर्षे उल्हासनगरला मोहिनीदादीकडे भाड्याने राहत होत्या. सिंधी घरांत मोठ्या बहिणीला दादी म्हणतात. मोहिनीदादी बाईंपेक्षा फार तर बारा वर्षांनी मोठी. नवरा गेल्यापासून ती पापडाचा धंदा करायची. तिच्या हाताखाली दहा बायका लाटायच्या, काही सिंधी, काही आपल्या मराठी, आणि उन्हाळाभर आसपासच्या सगळ्या गच्च्या पापडांनी भरलेल्या असायच्या. बाई घर सोडून गेल्या तरी महिन्यातून एका रविवारी दादीकडे जायच्याच. गेल्या की आधी खिडकीचा गज ओल्या कापसाने पुसायचा आणि कापूस उजेडात धरून बघायचा, ही त्यांची खोड. दादी चिडायची: "आते ही मेरा घर जाँचती है!"

दादीच्या घरामागे, एक गल्ली सोडून, पत्र्याची शेड होती. तिथे ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडून आतल्या शिशाच्या पट्ट्या वितळवत आणि लगडी पाडत. धुराडे ठेंगणे, आजूबाजूच्या गच्च्यांपेक्षा हातभरच वर. मालकाला सगळे शेठ म्हणत. माणूस तसा बोलायला गोड, गणपतीला सढळ हाताने वर्गणी देणारा.

१९८८ च्या फेब्रुवारीत बाईंनी गजावरून फिरवलेला कापूस नेहमीसारखा काळा नव्हता, राखाडी होता. त्यांनी तो कागदात गुंडाळून कामावर नेला; तपासला तर शिसे निघाले. मग त्या प्रदूषणाचे काम बघणाऱ्या एका सरकारी साहेबांकडे गेल्या. मी बरोबर होतो. साहेब म्हणाले, "मॅडम, खिडकीच्या गजावरचा कापूस हा काय पुरावा झाला? किती क्षेत्रफळावर, किती दिवसांत, किती धूळ पडली, ते दाखवा."

बाहेर आल्यावर मला वाटले बाई रागावल्या असतील. त्या म्हणाल्या, "बरोबर बोलला माणूस." त्यातून त्या चोवीस ताटल्या निघाल्या, आणि त्यांचे काय झाले ते वर सांगितले आहे.

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही हेंद्रेपाड्यात परत आलो. सगळा खाऊ बाईंनी आमच्याकडेच ठेवला, एकट्या बाईला कशाला एवढा. बायकोने कढई चढवली आणि नऊ ताटल्यांतले थोडे पापड तळायला घेतले. बाई दारातून वर जायला निघाल्या होत्या. एकदम मागे फिरल्या.

"वहिनी, थांबा. गॅस बंद करा."

"काय झालं हो?"

"हे पापड वाळत कुठे घातले होते?"

बायको म्हणाली, "आणखी कुठे? गच्चीवर."

"किती दिवस?"

"दोन तरी लागतातच."

बाईंनी तिच्या हातातला पापड घेतला आणि दिव्याखाली धरला. मलाही तेव्हा समजले. ताटल्या धुतल्या होत्या. पापड कोणी धुतले नव्हते. पापड धुता येतच नाही. त्याच गच्चीवर, त्याच हवेत, दोन दिवस उघडा पडलेला, ओलसर असताना धूळ धरून ठेवणारा, मापाने गोल. बायकांनी एक नमुना पुसून टाकला होता आणि दुसरा, त्याहून चांगला, त्याच ताटलीत घालून दिला होता.

कढईतले तेल तसेच राहिले. त्या रात्री आमच्याकडे पिठलं-भात झाला.

कारखान्यातल्या मुख्य रसायनतज्ज्ञांची परवानगी काढून बाईंनी ड्यूटी संपल्यावर तपासणी केली. पापड प्रयोगशाळेतल्या छोट्या भट्टीत जाळून राख करायची, राख आम्लात विरघळवायची, मग एक हिरवा द्राव घालून हलवायचे. शिसे नसेल तर हिरवा रंग तसाच राहतो; असेल तर लाल होतो. नऊही लाल झाले. भट्टीजवळच्या घरांचे जास्त, लांबच्यांचे कमी.

साहेबांनी तक्ता नीट वाचला. "मॅडम, हे शिसं हवेतूनच आलं कशावरून? पिठात असेल. पापडखारात असेल. जात्याच्या दगडात असेल."

बाई पुन्हा म्हणाल्या, "बरोबर आहे." मला मात्र आता साहेबांचा राग आला होता. बाई म्हणाल्या, "रागावू नका. प्रश्न खरा आहे. माझ्याकडे उत्तर नाही, हे माझं अपुरेपण."

उत्तर शोधायचे तर एकाच पिठाचे पापड तीन ठिकाणी वाळवायला हवे होते. पीठ, हात, लाटणे, सगळे तेच. फक्त हवा वेगळी. आणि त्यासाठी दादी हवी होती. तोपर्यंत दादीला पापडांच्या तपासणीचे काही सांगितलेले नव्हते. बाईंनी सगळे सांगितले आणि दादी उसळली.

"मेरे आटे में ज़हर है, ऐसा बोलती है? तीन साल माझ्या घरी राहिलीस, माझे पापड खाल्लेस, तब नहीं मरी तू?"

"मेले नाही, हे काही मोजमाप नाही दादी."

"ग्यारह औरतों का चूल्हा है ये! बाहर बात गई, तो कोण घेणार माझा पापड? भट्टीवाला बैठा रहेगा आराम से, आणि बसू आम्ही घरी!"

तिचे म्हणणे खरे होते. भट्टीच्या विरोधात जो एकमेव पुरावा होता, तोच दादीचा धंदा बुडवू शकत होता. बाई तिच्यासमोर बसल्या.

"दादी, तुमच्या पिठात दोष आहे असं साहेब म्हणतात. मी म्हणते, नाही. पण माझ्या म्हणण्याला वजन नाही. तुम्हीच सिद्ध करा. तुमच्या डोळ्यांदेखत. आकडा आला की आधी तुम्हाला सांगीन. तुम्ही नको म्हणालात तर कागद फाडून टाकीन."

दादीने पदर खोचला. "मैं खुद बैठूँगी पापड के पास. तेरा भरोसा नहीं."

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दादीने एका पिठाचे साठ पापड लाटले. वीस तिच्या गच्चीवर, वीस तिच्याच बंद खोलीत पंख्याखाली. उरलेले वीस झाकणाच्या डब्यात घालून ती स्वतः हेंद्रेपाड्याला घेऊन आली. आमच्या गच्चीवर साडी पसरून त्यांच्यासमोर दोन दिवस छत्री धरून बसली. एका हातात काठी, कावळ्यांसाठी आणि, तिने बोलून दाखवले, बाईंसाठीही. माझ्या बायकोने चहा वर नेला तर म्हणाली, "कप दूर रखो, भाप लगेगी मेरे सैंपल को." दोन दिवसांत ती आमच्यापेक्षा कडक झाली होती. रात्री ती बाईंकडे झोपायची, पापडांचा डबा उशाशी.

तपासणीच्या दिवशी कारखान्यात बाहेरच्या माणसांना प्रवेश नव्हता. दादी आणि मी फाटकावरच्या वॉचमनच्या केबिनमध्ये बसलो. पावणेसातला बाई लाकडी स्टँडमध्ये तीन काचेच्या नळ्या घेऊन बाहेर आल्या आणि वॉचमनच्या टेबलावर ठेवल्या. पहिली हिरवी. दुसरी फिकट गुलाबी. तिसरी डाळिंबासारखी लाल.

दादीने तिसरीवर बोट ठेवले. "ये मेरी गच्ची?"

"हो."

"और ये हरी?"

"बदलापूर. मधली तुमची बंद खोली. पण नीट बघा, हिरवीही अगदी शून्य नाही. कडेला किंचित रंग आहे. गाड्यांच्या पेट्रोलातही शिसं असतं, ते हवेतून सगळीकडेच जातं. तेवढं मी कागदावर लिहिणार आहे."

मी म्हणालो, "बाई, ते कशाला लिहिता? केस कच्ची होईल."

"केस कच्ची झाली तर होऊ दे, कदमभाऊ. आकडा कच्चा नको."

दादीचे आमच्याकडे लक्षच नव्हते. तिच्या घरी डब्यांत एक्याऐंशी किलो पापड भरून ठेवलेले होते, दुकानांच्या ऑर्डरीचे. ती लाल नळीकडे बघत म्हणाली, "धोने से जाता है?"

"नाही."

"भूनने से? तळल्यावर?"

"नाही दादी."

"मग मी काय करू?"

"आकडा माझा. निर्णय तुमचा." बाईंचा आवाज त्या दिवशी नेहमीपेक्षा खाली होता.

दादी उठली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा रात्रपाळीचा वॉचमन, जो उल्हासनगरलाच राहायचा, बाईंकडे दादीचा निरोप घेऊन आला: या. आम्ही गेलो. दादीच्या मागच्या अंगणात खड्डा खणलेला होता आणि अकराही बायका भोवती उभ्या होत्या. डबे उघडून पापड खड्ड्यात ओतले जात होते. एक मराठी बाई रडत होती, कारण त्यातले कितीतरी तिच्या हातचे होते. दादी तिला म्हणाली, "रो मत. जो मैं अपने पोते को नहीं दूँगी, वो दुसऱ्याच्या पोराला विकू?" मग बाईंकडे वळली. "लिख तेरा काग़ज़. सबके नाम लिख. पापड बनानेवाली, ऐसा लिख. लाज कसली?"

त्या अर्जावर अकरा नावे होती. सहा सह्या, पाच अंगठे. बाईंनी पाच अंगठेवालींना सही शिकवायला घेतले आणि पुढच्या अर्जावर अकराही सह्या होत्या. पुढचा अर्ज करावा लागला, कारण पहिला हरवला. तिसराही करावा लागला. त्या पावसाळ्यापासून बायका पापड खोलीतच पंख्याखाली वाळवू लागल्या. माल निम्म्यावर आला, तीन दुकाने सुटली, पण धंदा बुडाला नाही. गिऱ्हाइकाने विचारले की दादी स्वतःच सगळी हकीकत सांगायची, नळीच्या रंगासकट.

सुनावणी लागली ती पुढच्या वर्षी, १९८९ च्या मार्चमध्ये. शेठ वकील घेऊन आले होते, शिवाय भट्टीवरचे सहा कामगार. भट्टी बंद झाली तर यांच्या पोटाचे काय, हे साहेबांना दिसावे म्हणून आणलेले. ते भिंतीला टेकून उभे होते. बाईंनी तक्ता वाचला. एक पीठ, तीन हवा. वकिलांनी पिठाचा मुद्दा काढला, बाईंनी खोलीतल्या आणि बदलापूरच्या पापडांचे आकडे पुढे केले. वकिलांनी पेट्रोलचा मुद्दा काढला; बाई म्हणाल्या, "पान तीन, खालून दुसरी ओळ. मीच लिहिलं आहे." वकील पान तीन वाचत राहिले. माझ्या शेजारी दादी पुटपुटली, "देखा?" मला त्या क्षणी जो अभिमान वाटला, तो माझ्या स्वतःच्या मुलाच्या दहावीच्या निकालालाही वाटलेला नाही.

तासाभरात शेठ नरमले. भट्टी वस्तीतून हलवायला तयार झाले. पुरलेल्या पापडांची भरपाईही देतो म्हणाले. साहेब कागद करायला सांगणार, इतक्यात भिंतीशी उभ्या कामगारांतला एक पुढे आला. शंकर भोईर, मुरबाडकडचा, पन्नाशीचा, अंगावर मांस नाही.

"बाय, येक विचारू? ते पापड दोन दीस गच्चीवं व्हते, तं त्यांच्यात येवढं घुसलं. आमी बारा वर्सं भट्टीच्या तोंडाशी हाव. आमच्यात किती घुसलं आसंल?"

बाईंनी तक्ता उलटापालटा केला, जणू तो आकडा तिथे कुठेतरी असायला हवा होता. मग त्या उभ्या राहिल्या.

"मोजलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या भट्टीपासून चाळीस पावलांवरची धूळ मोजली. भट्टीशी उभा असलेला माणूस मोजला नाही. मीच मोजायला पाहिजे होतं. साहेब, हे माझ्या निवेदनात लिहून घ्या."

"मॅडम, त्याची गरज नाही."

"आहे. लिहा. आणि यांच्या रक्ताची तपासणी झाल्याशिवाय मी तडजोडीवर सही करणार नाही."

शेठ उसळले. "ही माणसं माझ्या मस्टरवरच नाहीत! आणि मी किती ठिकाणी भरू? पापडाचं भरू की यांचं? दोन्ही नाही जमणार, सरळ सांगतो."

सगळे दादीकडे बघू लागले. एक्याऐंशी किलो पापड तिचे होते. मी आदल्या रात्री हिशेब करून दिला होता, दोन हजार चारशे तीस रुपये. अकरा घरांना ती रक्कम थोडी नव्हती. दादीने शंकरकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

"पापड तो गाड़ दिया," ती म्हणाली. "आदमी को तो नहीं गाड़ना. सेठ, इनका भर."

बायकांपैकी एकीनेही हरकत घेतली नाही.

पुढच्या सोमवारी सहा जण मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात तपासणीला गेले. बाई रजा टाकून बरोबर होत्या. तपासणी म्हणजे कपड्यांचीही असेल असे वाटून सहाही जण धुतलेले, इस्त्रीचे शर्ट घालून आले होते. निकाल बाईंनी मला सांगितले नाहीत. "ते त्यांचे आकडे आहेत," एवढेच म्हणाल्या. चौघांना औषध सुरू झाले. शंकरला ठेवून घेतले.

भट्टी जूनमध्ये हलली. कुठे हलली तेही बाईंनी जाऊन पाहिले. भोवती वस्ती नव्हती आणि धुराडे उंच होते. बाई १९९३ पर्यंत हेंद्रेपाड्यात होत्या. मग धाकट्या बहिणीजवळ राहायला गेल्या, दूर, विदर्भात. जाताना आमच्या दारावर एक चिठ्ठी लावून गेल्या: त्यांच्या घराच्या विजेच्या मीटरचे शेवटचे वाचन, तारीख आणि वेळ.

पण मला सांगायचे आहे ते त्याआधीचे, १९८९ च्या ऑगस्टमधले. शेठच्या दुकानाच्या ओट्यावर शंकरचे शेवटचे पैसे द्यायचे होते. शेठनी नोटा बाईंपुढे धरल्या. बाईंनी हात मागे घेतला. शंकरला म्हणाल्या, "तुमचे आहेत. तुम्ही मोजा."

शंकरने मोजायला घेतले. हात जरा थरथरत होता, त्यामुळे दोनदा चुकला. पाऊस आला, शेठ घड्याळ बघू लागले, मी मदतीला पुढे झालो तर बाईंनी मला डोळ्यांनी थांबवले. तिसऱ्या वेळी त्याचा हिशेब जमला. त्याने बाईंकडे पाहिले, बाईंनी मान हलवली आणि छत्री उघडून त्या रस्त्याला लागल्या, मागे न बघता.

दिले गेले ते असे. तपासणी आणि औषधाचे पैसे शेठनी परस्पर इस्पितळात भरले. सहा कामगारांना तीन महिन्यांची हजेरी, रोज पंचवीस रुपये, महिन्याचे सव्वीस दिवस, एकूण अकरा हजार सातशे. शंकर भोईर यांना पुढच्या दोन महिन्यांचे आणखी तेराशे. मोहिनीदादी आणि दहा जणींना पापडांचे काही नाही. सुमन साळवे यांनी सहा रजा खर्ची घातल्या आणि तपासणीला लागलेल्या आम्लाची किंमत कारखान्याला स्वतः भरली. तिची पावती मी पाहिली आहे, चौऱ्याण्णव रुपये.